आधी कुणीच न केलेली भूमिका

नाटक कंपनीत त्याला सगळे हुकमी म्हणत. खरं नाव जाहिरातीत कधी छापून आलं नाही, तेव्हा लोक ते विसरले यात लोकांचा काय दोष? पत्ते खेळताना एखादं पान शेवटपर्यंत हातात दाबून ठेवतात, तसा मालकांनी हा माणूस दाबून ठेवला होता. राजा तापाने फणफणला, हुकमी राजा. विनोदी नटाची दाढ सुजली, हुकमी विनोदी. एकदा सासूचं काम करणाऱ्या बाईंचा पाय मुरगळला. ऐन वेळी दुसरी बाई कुठून आणणार? तर याने केसांचा टोप चढवला आणि सुनेला असं काही फैलावर घेतलं, की पहिल्या रांगेतल्या दोन खऱ्या सासवा माना डोलवत होत्या.

नऊ नाटकं, त्यांत मिळून अडतीस भूमिका, आणि त्या अडतीसच्या अडतीस याला तोंडपाठ. इतका अष्टपैलू नट त्या कंपनीत दुसरा नव्हता, कुठल्याच कंपनीत नसावा. आता असा गुणी माणूस म्हटल्यावर त्याला एखादी मोठी भूमिका कायमची मिळाली असेल, असं कुणालाही वाटेल. नाही मिळाली. छोटीसुद्धा नाही.

तेविसाव्या वर्षी तो कंपनीत लागला तो प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत स्टुलावर बसायचं, नाटकाची संहिता मांडीवर धरायची आणि नट अडखळला की कुजबुजून वाक्य पुरवायचं. वर्षभरात मांडीवरच्या कागदांची गरज संपली. एका प्रयोगाला डॉक्टरचं काम करणाऱ्याचा आवाज बसला, नुसती हवा येत होती. मालकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि डॉक्टरचा कोट प्रॉम्प्टरच्या अंगात चढवला. प्रयोग संपल्यावर नायकाचं काम करणारे थोर नट घाम पुसत म्हणाले, ‘अरे, बदली माणूस होता होय? मला तर पत्ताच लागला नाही.’ कंपनीत याहून मोठी शाबासकी नव्हती. हुकमी त्या दिवशी हवेत होता. घरी जाऊन त्याने बायकोला ते वाक्य नायकाच्याच आवाजात चारदा ऐकवलं. तो फसला तो इथे, पण हे कळायला पस्तीस वर्षं जायची होती.

बदली नटाने स्वतःचं काही करायचं नसतं. समोरचा नट शंभर प्रयोगांच्या सवयीने वावरत असतो. तुम्ही दोन पावलं डावीकडे उभे राहिलात की त्याची नजर चुकते, नजर चुकली की वाक्य चुकतं, आणि मग सगळंच घसरतं. म्हणून मूळ नट जिथे उभा राहतो तिथेच उभं राहायचं, तो जितका थांबतो तितकंच थांबायचं, त्याला ‘नाही’ म्हणताना नाक ओढायची खोड असेल तर आपणही नाक ओढायचं. हुकमीने प्रत्येक भूमिकेची वेगळी वही केली होती. कोण कुठल्या पायाने आत येतो, बसताना कोट मागे घेतो की नाही, रडताना आधी कुठला डोळा पुसतो, सगळं त्यात. घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने रंगमंच आखायचा आणि समोरच्या पात्राची वाक्यं बायकोने म्हणायची. ती बिचारी एका हाताने भांडी विसळायची आणि दुसऱ्या हाताने तलवार म्हणून झारा धरायची.

‘अहो, तुमच्या राजाला जरा बाजूला व्हायला सांगा,’ ती म्हणायची. ‘दूध उतू चाललंय.’

सहाव्या वर्षी कंपनीने नवं नाटक घेतलं, तेव्हा हुकमी धीर करून मालकांच्या खोलीत गेला.

‘मालक, यातलं धाकट्या भावाचं काम मला द्या ना. छोटंच आहे.’

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘अरे, तुला त्या एका कामात अडकवलं तर बाकीच्यांचं काय? तू धाकटा भाऊ होऊन उभा, आणि तेवढ्यात थोरल्याला चक्कर आली तर? लोकांना मी काय सांगू?’

‘पण मालक, माझी म्हणून एक तरी...’

‘सगळ्या तुझ्याच आहेत की! इथे कुणाला एवढ्या भूमिका मिळाल्यात, सांग बघू?’

मालक वाईट असते तर गोष्ट सोपी होती. पण ते पगार वेळेवर देत, आजारपणात घरी येऊन उशाशी बसत. हुकमीला मुलगी झाली तेव्हा त्यांनी स्वतः खपून पाळणा पसंत करून पाठवला. अशा माणसाच्या तोंडावर नोकरी फेकून निघायचं कसं? हुकमी खाली मान घालून बाहेर आला. मात्र त्या दिवशी त्याच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. नायक नको, मोठं काम नको. पण एक भूमिका अशी हवी, की आपल्या आधी ती कुणीच केलेली नसेल. मग पुढे भले कुणी आपली बदली म्हणून येवो. त्याने आपल्या पायाने आत यावं आणि आपण थांबतो तितकं थांबावं.

तोवर विंगेतली खुर्ची. पडद्याचे दोर आणि आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या यांच्यामधली दीड हात जागा. प्रत्येक प्रयोगाला तोंडावर रंगाचा पहिला हात चढवून तिथे बसायचं, कारण कुणाला कधी काय होईल याचा नेम नाही. बहुतेक वेळा कुणाला काही व्हायचं नाही. शेवटचा पडदा पडला की रंग पुसायचा आणि घर गाठायचं. मेहुणीच्या लग्नाला तो गेला नाही. मुलीच्या शाळेतल्या नाटकाला गेला नाही. सासऱ्यांना शेवटचं भेटायला पोचला तेव्हा उशीर झाला होता. आणि नेमक्या त्या दिवशी कंपनीत यच्चयावत माणूस ठणठणीत होता! त्याला राग यायचा. कुणाचा ते ठरवता यायचं नाही, म्हणून तो गिळायचा. एकदा तर बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की आपण कुणीतरी आजारी पडावं म्हणून टपलो आहोत. त्याला स्वतःची किळस आली.

पडद्यावरही नशीब तेच. असा माणूस म्हणजे चित्रपटवाल्यांना घबाडच. एक बडा नट अर्धा चित्रपट करून भांडून निघून गेला, तर उरलेल्या अर्ध्यात पाठमोरा हुकमी. दुसऱ्या एकाला आवाज भरायला सवड झाली नाही, तर त्याच्या ओठांवर आवाज हुकमीचा. पुढे मालिकांचे दिवस आले. एका मालिकेतले आजोबा काम सोडून गेले, तेव्हा पडद्याच्या तळाशी ‘यापुढे ही भूमिका नवे कलाकार करतील’ अशी पट्टी सरकली, आणि सोमवारपासून आजोबा म्हणून हुकमी जिना उतरू लागला. कपडेपट सांभाळणाऱ्याने जुन्या आजोबांचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला.

‘अरे, याच्या काचांना नंबर आहे. मला जिनाच दिसत नाही.’

‘काका, लोकांना चष्मा ओळखीचा आहे. तुमचं काय, तुम्ही उतराल.’

तीन वर्षं हुकमी अंदाजाने जिना उतरला आणि घरी येऊन डोकं दाबत पडला. प्रेक्षक आठवड्याभरात जुन्या आजोबांना विसरले. खरं तर आजोबा बदलले हेच विसरले. रस्त्यात लोक गाठायचे, ‘आजोबा, सात वर्षं रोज बघतोय तुम्हाला, कंटाळा म्हणून येत नाही!’ तो हसून हात जोडायचा. सातातली चार त्याची नव्हती, पण हे रस्त्यात कुणाला समजावत बसणार?

अठ्ठावन्नाव्या वर्षी मालिका बंद झाली. कंपनीचेही महिन्याला दोन-तीनच प्रयोग उरले. अशात एके दिवशी एक दिग्दर्शिका घरी आली. तिशीची असेल, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं सडेतोड. लहानपणी ती आईबरोबर कंपनीची नाटकं बघायला जायची.

‘राजा कुठल्या दिवशी तुम्ही असायचात ते मी ओळखायचे, काका,’ ती म्हणाली. ‘तुम्ही असलात की राजा चुकायचा नाही.’ मग तिने पिशवीतून कागद काढले. ‘हे नाटक तुमच्यासाठी लिहिलंय. बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत एक कारकून आहे. छत्र्या, पिशव्या, एकेकटे बूट सांभाळत बसलाय, आणि न्यायला कुणी येत नाही. दोन तास तुम्ही एकटे.’

सवयीने त्याने विचारलं, ‘आधी कोण करायचं?’

‘कुणी नाही.’

त्याने पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. चहा घेऊन येणारी बायको दारातच थबकली. तिने कप ठेवले आणि ‘साखर आणते’ म्हणून ती आत गेली. साखर चहात घातलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो मालकांकडे गेला. ते आता थकले होते, काठी घेऊन चालत. ‘जा बाबा, कर,’ ते म्हणाले. ‘पण माझ्या प्रयोगाच्या दिवशीच तुझा आला, आणि राजा आजारी पडला तर?’

‘तर पडू दे, मालक,’ हुकमी म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे कसं निघालं याचं नवल करत जिना उतरला.

तालमीची खोली एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. एक टेबल, एक खुर्ची आणि बावीस छत्र्या. हुकमीने पहिलं वाक्य म्हटलं आणि दिग्दर्शिकेने मान वर केली. तो कंपनीच्या नायकाचा आवाज होता, आणि ते थोर नट जाऊन आठ वर्षं झाली होती. दुसरं वाक्य विनोदी नटाचं निघालं. छत्री उचलायला तो वाकला, तर दुसरा हात सासूसारखा कमरेवर गेला.

‘काका, झकास आहे. पण हा कारकून नाही. हे कोण आहेत सगळे?’

त्याने दुसऱ्या तऱ्हेने करून पाहिलं. ते मालिकेतल्या आजोबांचं झालं, तेसुद्धा आधीच्या आजोबांचं. आठ दिवस तो तऱ्हा काढत राहिला. एकामागून एक अडतीस माणसं बाहेर आली, उभी राहिली, दिग्दर्शिकेने मान हलवली की गेली. नवव्या दिवशी काढायला कुणी उरलं नाही.

‘काही करूच नका,’ ती म्हणाली. ‘नुसते आत या. तुम्ही चालता तसे.’

तो दाराबाहेर गेला. पाच मिनिटं झाली तरी आला नाही, म्हणून ती बघायला गेली. हुकमी चौकटीला धरून उभा होता. उजवा पाय आधी की डावा, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. आजवर तो कुणाच्या ना कुणाच्या पायाने आत आला होता. ‘मला जमत नाही गं,’ तो म्हणाला, आणि या वयाच्या माणसाचा रडवेला चेहरा बघून त्या सडेतोड पोरीने आतली खुर्ची आणून त्याला बसवलं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘अगं, मी चालतो कसा?’

‘कुणाचं नाटक लागलंय त्यावर,’ ती हसत म्हणाली. ‘राजाचा महिना असला की टाचा आपटत. डॉक्टरचा असला की चोरपावलांनी.’

‘आणि काहीच नसलं की?’

ती हातातली घडी तशीच धरून आठवू लागली. ‘काहीच नाही, असं कधी झालंय?’ ती थट्टाच करायला गेली होती, पण वाक्य संपेपर्यंत दोघांचे चेहरे उतरले.

दिग्दर्शिकेने पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर ती दुसरा नट बघणार होती, आणि हे तिने तोंडावर सांगितलं. आयुष्यात एकच भूमिका अशी आली होती, आणि तिचीही बदली होणार, तीही त्याने ती करण्याआधीच!

युक्ती मुलीने काढली. ती लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ‘बाबा, तुम्ही जगाच्या वह्या केल्यात. आता मी तुमची करते,’ ती म्हणाली. ‘मी कधी बघतेय हे तुम्हाला कळणार नाही.’ मग माय-लेकींनी मिळून दहा दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. वही कसली, चार पानं भरली. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसतात, पाठ कधीच टेकत नाहीत. तोंड नेहमी दाराकडे. घरातसुद्धा रात्री दहा वाजेपर्यंत पायात बूट. फोन वाजला की उचलायच्या आधीच ‘आलो’ म्हणतात. पहिले चार घास भराभर खातात, मध्येच उठावं लागलं तर तेवढे पोटात असावेत म्हणून. कुणी खोकलं की मान वळवतात आणि कोण खोकलं ते बघतात.

त्याने ती चार पानं तीनदा वाचली. आधी त्याला हसू आलं. मग लाज वाटली. तिसऱ्यांदा मात्र तो कागद हातात घट्ट धरून बसला, कारण यातलं काहीच कुणाकडून घेतलेलं नव्हतं. विंगेतल्या दीड हात जागेत पस्तीस वर्षं बसून अंगाला जे वळण पडलं होतं, ते फक्त त्याचं होतं. फार देखणं नव्हतं, पण होतं!

‘हे सगळं लोकांसमोर करणार तुम्ही?’ बायकोने विचारलं.

‘हेच तर करायचंय.’

तिला ते बरं वाटलं नाही. का, ते तिला सांगता आलं नाही, आणि त्याचा चेहरा तर फुलला होता.

हुकमीने ती पानं राजाची, डॉक्टरची वही पाठ करायचा तशीच पाठ केली. कडेवर किती बसायचं, मान कितव्या श्वासाला वळवायची, ‘आलो’ किती घाईत म्हणायचं, सगळं बसवलं. दिग्दर्शिका पहिल्याच तालमीला उठून उभी राहिली. ‘काका, हाच! हाच तो कारकून!’

पहिल्या प्रयोगाला बायको तिसऱ्या रांगेत होती. आजवर तिने नवऱ्याचं नाटक समोरून कधी पाहिलंच नव्हतं, कारण तो कुठल्या दिवशी कोण असेल हे आधी कळायचंच नाही. कारकुनाने वाजणारा फोन उचलायच्या आधीच ‘आलो’ म्हटलं आणि सगळं नाट्यगृह खो खो हसलं. त्याने डबा उघडून चार घास घाईघाईने कोंबले, पुन्हा हशा. पाचवा घास हातात धरून तो दाराकडे बघत राहिला, तेव्हा मात्र लोक गप्प झाले आणि शेवटी कितीतरी जण डोळे पुसत उठले. तिला अभिमान वाटला. पण माझ्या घरातल्या जेवणाला ही माणसं हसली, हेही तिला लागलं. मालक काठी टेकत रंगपटात आले. ‘अरे, काय माणूस उभा केलास रे! हा आणलास कुठून?’ तो माणूस पस्तीस वर्षं त्यांच्याच विंगेत बसला होता.

नाटक चाललं. वर्षभराच्या तारखा भरल्या. इतका सहज, इतका खरा अभिनय क्वचितच, असं छापून आलं. आता हुकमी रोज तेच करत होता, रोज तितकंच नेमकं.

साठाव्या प्रयोगानंतरच्या रविवारी दुपारी मुलगी आणि जावई आले. हुकमी फेरफटका मारून आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला, नेहमीसारखा कडेवर. जावयाने टाळी वाजवली. ‘वा बाबा! घरबसल्या प्रयोग!’

सगळे हसले. हुकमीही हसला. बाहेर जिन्यावर कुणीतरी खोकलं आणि त्याची मान वळली. आणि लगेच त्याच्या मनात आलं, आपण लवकर वळलो, एक श्वास थांबायला हवं होतं. त्याला दरदरून घाम फुटला. आपण आता बसलो आहोत, की बसण्याचं काम करतो आहोत? त्याने आठवून पाहिलं. कालही असंच झालं होतं, परवाही. आठवायला गेलं तर कधीपासून, ते सांगता येईना.

तो मागे सरकला आणि त्याने पाठ टेकली.

‘नायक! तिसरा अंक!’ मुलगी ओरडली. लहानपणापासून तिला सगळी पात्रं पाठ होती.

त्याने पायावर पाय टाकला.

‘डॉक्टर!’

तो उठून उभा राहिला.

‘राजा! बाबा, किती दिवसांनी केलात राजा!’

तिचं काही चुकत नव्हतं. ती खेळत होती, आणि तिला वाटत होतं बाबाही खेळताहेत. हुकमीने खुर्चीची पाठ धरली.

‘जरा तिकडे बघा ना सगळे,’ तो म्हणाला. ‘मला नुसतं बसायचंय.’

आवाज इतका अचूक लागला होता, की लेक आणि जावई हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडले. ‘हे कुठल्या नाटकातलं?’ जावयाने डोळे पुसत विचारलं.

बायको उठली. हातातला कप तिने खाली ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.